खिळ्यांनी भरलेल्या अंगणात नाणे शोधताना मेटल डिटेक्टर कसा लावावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातील एक वडिलोपार्जित कौलारू घर नुकतेच उतरवले आहे. त्याच्या अंगणात व परसात पोर्तुगीज अमदानीतील नाणी पूर्वी अधूनमधून मिळत असत, आणि नवे बांधकाम सुरू होण्यापूर्वी ती जागा डिटेक्टरने तपासून घ्यायची आहे. यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे, मध्यम किमतीचे आणि ११ इंची डीडी कॉइलचे आहे (कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी; डीडी कॉइलमध्ये इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात). ते सुरू करताच सर्वत्र लोखंडाचा आवाज येतो आणि लोखंड वगळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन वाढवले की यंत्र जवळजवळ मुके होते. अशा जागी कोणती सेटिंग्ज ठेवावीत?

माझे स्पष्ट मत असे की अशा जागी डिस्क्रिमिनेशन वाढवायचे नसून कमी करायचे असते. लोखंडाचा आवाज त्रासदायक असला तरी तो माहिती देणारा आवाज आहे. तो बंद केला की लोखंड जमिनीतून नाहीसे होत नाही, फक्त आपल्याला ऐकू येईनासे होते, आणि त्याच्या शेजारी असलेले नाणेही त्याच शांततेत बुडून जाते. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्यावर उभे आहे, म्हणून त्यामागचे कारण आधी सांगतो.

नाणी शोधण्याची बहुतेक यंत्रे कॉइलमधून काही हजार हर्ट्झचे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात. नाण्यासारख्या बिगरलोह धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे लहान विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद काहीशा विलंबाने परत येतो. तांबे आणि चांदी यांचा विलंब जास्त, तर निकेलमिश्रित तांब्याचा कमी असतो. लोखंडात भोवरी प्रवाहांबरोबरच ते स्वतः चुंबकित होण्याची क्रिया चालते, आणि खिळ्यासारख्या बारीक, लांबट वस्तूत तिचाच प्रभाव अधिक असतो. या विलंबावरून यंत्र वस्तूचा क्रमांक, म्हणजे धातूचा प्रकार सुचवणारा पडद्यावरचा आकडा, ठरवते. मात्र कॉइलखाली खिळा आणि नाणे एकाच वेळी आले तर यंत्राला दोन वेगळे प्रतिसाद मिळत नाहीत, दोहोंची बेरीज मिळते. त्या बेरजेत खिळा जवळ आणि नाणे खोल असेल तर क्रमांक लोखंडाच्या बाजूला ओढला जातो. आपण लोखंडाचा पट्टा वगळलेला असेल तर ही मिश्र खूण यंत्र निमूटपणे फेकून देते. शिवाय वगळलेल्या वस्तूवरून गेल्यानंतर पुढची वस्तू ओळखण्यास सज्ज होण्यासाठी यंत्राला क्षणभर वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कॉइल शेजारच्या नाण्यावरून पुढे निघून गेलेली असते. कौलारू घराच्या जागी वासे आणि रिपा यांचे खिळे, बिजागऱ्या, कोयंडे आणि बैलांच्या खुरांचे नाल इतके दाट पसरलेले असतात की वाढवलेल्या डिस्क्रिमिनेशनवर यंत्र बहुतेक काळ या सावरण्यातच घालवते.

गोव्यात आणि विशेषतः डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात याला मातीची जोड मिळते. जांभ्याची लाल माती लोहयुक्त असते आणि तिच्यातले काही लोहखनिज चुंबकीय स्वरूपाचे असते. त्यामुळे खिळा नसलेल्या ठिकाणीही जमीन स्वतःच यंत्राशी बोलत राहते. जेथे वर्षानुवर्षे चूल पेटत होती, न्हाणीघराबाहेर पाणी तापवले जात होते किंवा पालापाचोळा जाळला जात होता, तेथे ही अडचण वाढते, कारण सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्यात तापलेल्या लोहयुक्त मातीत मॅगहेमाइटसारखी तीव्र चुंबकीय खनिजे तयार होतात. भट्टीत भाजलेल्या मंगळुरी कौलांचे तुकडेही याच कारणाने कधी कधी धातूसारखी फसवी खूण देतात, आणि आपल्या जागेत त्यांचा खच पडलेला असणार. चिऱ्यांच्या भिंतीचा भुगा, मातीतले जांभ्याचे खडे, गंजून मातीत मिसळलेल्या खिळ्यांचा तांबडा डाग, हे सारे त्यात धरावे. गोव्याच्या पावसात उघड्यावरचा खिळा लवकर गंजतो आणि त्याचा गंज भोवतालच्या मातीत पसरतो, म्हणून जुन्या खिळ्याची झाकण्याची शक्ती त्याच्या आजच्या आकारावरून मोजता येत नाही.

म्हणून पहिले काम ग्राउंड बॅलन्सचे, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद यंत्राने दुर्लक्षावा असे त्याला जुळवून घेण्याचे. अंगणात कॉइलखाली एकही खिळा नसलेली हातभर जागा शोधावी. ती न सापडल्यास वरची माती हाताने उकरून व चुंबक फिरवून अशी जागा तयार करावी. तेथे कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंत समांतर खाली-वर करत, आवाज वर जाताना आणि खाली येताना सारखा होईपर्यंत यंत्र जुळवून घ्यावे. खिळ्यावर उभे राहून केलेला ग्राउंड बॅलन्स यंत्राला सर्वस्वी चुकीचा आधार देतो. आपोआप जुळत राहणारी ट्रॅकिंगची सोय असेल तर या अंगणात ती बंद ठेवावी, कारण दाट लोखंडावर ती माती सोडून खिळ्यांचाच मागोवा घेऊ लागते. अंगणातून परसात, परसातून माडाच्या भाटात जाताना, चुलीच्या जागेजवळ आल्यावर आणि पाऊस पडून गेल्यावर हे काम पुन्हा करावे.

यानंतर सेन्सिटिव्हिटी. ती जितकी जास्त तितके नाणे खोल सापडेल, ही समजूत स्वच्छ आणि सौम्य मातीत बऱ्याच अंशी खरी आहे. जांभ्यात आणि खिळ्यांत ती खरी ठरत नाही. सेन्सिटिव्हिटी वाढवली की आजूबाजूचे आणि खालचे अधिकाधिक लोखंड एकाच वेळी यंत्राच्या दृष्टीत येते, मातीचा प्रतिसाद वाढतो, आणि ज्या मिश्रणातून नाणे वेगळे काढायचे तेच मिश्रण गडद होते. आपल्या जागेत कमाल पातळीच्या साधारण अर्ध्यावर सुरुवात करावी आणि कॉइल स्थिर धरली असता किंवा मोकळ्या जागी फिरवली असता यंत्र शांत राहील एवढीच ती वाढवावी. खोली कमी मिळते हे खरे. पण नांदत्या घराच्या अंगणात पडलेली नाणी सहसा फार खोल नसतात, आणि दहा-बारा सेंटिमीटरवरचे नाणे नक्की ऐकू येणे हे पंचवीस सेंटिमीटरवरच्या नाण्याच्या आशेपेक्षा मोलाचे आहे.

आता डिस्क्रिमिनेशन. ते शून्यावर किंवा यंत्राच्या सर्वांत खालच्या पातळीवर न्यावे आणि एखादा विशिष्ट पट्टा वगळणारे नॉचही मोकळे करावेत. आयर्न व्हॉल्यूमची स्वतंत्र सोय असेल तर लोखंडाचा आवाज पूर्ण बंद न करता जेमतेम ऐकू येईल इतका मंद ठेवावा. दोन किंवा तीन टोनची मांडणी येथे सर्वांत उपयोगी पडते: लोखंडाला खालचा, जड टोन आणि त्यावरील सर्व धातूंना स्पष्टपणे वेगळा टोन. प्रत्येक क्रमांकाला निराळा सूर देणारी मांडणी मोकळ्या मैदानात आनंददायक असते, पण खिळ्यांच्या जागेत इतके सूर एकदम उमटतात की थकलेला कान महत्त्वाचा सूर हुकवतो. हेडफोन आवश्यक समजावेत. अशा जागेतले नाणे बहुधा लोखंडाच्या सततच्या गुरगुरीतून क्षणभर डोकावणाऱ्या तुटक, उंच स्वरानेच कळते, आणि रस्त्यावरची वाहने किंवा शेजारचे बोलणे त्याला सहज गिळून टाकते.

टोनची सीमारेषा कोठे ठेवावी हे आपण कोणते नाणे शोधत आहात त्यावर अवलंबून आहे, आणि गोव्यातील नाण्यांचा इतिहास येथे थेट कामाला येतो. १८८१-८२ ची पोर्तुगीज भारताची चांदीची रुपिया ब्रिटिश रुपयाप्रमाणेच ११.६६ ग्रॅम वजनाची आणि ९१.७ टक्के शुद्धतेची होती. ती आणि तांब्या-कांस्याचे टांगे (रुपियाहून लहान नाणी) यांचे क्रमांक मोजपट्टीवर उंच येतात, म्हणून शेजारी एखादा खिळा असला तरी त्यांचा स्वर बऱ्याचदा लोखंडाच्या वर तग धरतो. मात्र १९३४ चे दोन आणि चार टांग्यांचे नाणे, १९५२ ची रुपिया, आणि १९५८-५९ मध्ये सहा एस्कुदोंना एक रुपिया या हिशेबाने नवे चलन आल्यावर निघालेली ६० सेंताव्होंची (सेंताव्हो म्हणजे एस्कुदोचा शंभरावा भाग) व १, ३, ६ एस्कुदोंची नाणी निकेलमिश्रित तांब्याची आहेत. हा मिश्रधातू विजेचा सुमार वाहक असल्यामुळे त्याचा क्रमांक मुळातच खाली, लोखंडाच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर असतो. खिळ्याने त्याला किंचित खाली ओढले की तो सीमेपलीकडे गेलाच. डिस्क्रिमिनेशन थोडेसे वाढवून काम करणाऱ्यांना जुने तांबे मिळते आणि एस्कुदो मात्र मिळत नाही, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

गोवा मुक्त झाल्यानंतर, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ नंतर, पडलेल्या भारतीय नाण्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. साठच्या दशकातील २५ आणि ५० पैशांची नाणी शुद्ध निकेलची, म्हणजे चुंबकाला चिकटणारी आहेत. १९७५ ते १९९१ चा रुपया निकेलमिश्रित तांब्याचा आहे, तर १९८८ पासूनची लहान नाणी आणि १९९२ पासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, अर्थात लोखंडाच्याच जातीचा आहे. असे नाणे लोखंडाजवळ नसतानाही काही यंत्रांवर अस्थिर क्रमांक देते. घरातील डब्यातली नाणी एकेक करून चुंबकाला लावून पाहावीत, मग प्रत्येक प्रकारचे एक नाणे कॉइलसमोरून फिरवून त्याचा क्रमांक वहीत लिहावा. शोध पोर्तुगीज नाण्यांचा असेल तर स्टीलच्या रुपयासाठी सेटिंग बदलत बसू नये.

रिकव्हरी स्पीड, ज्याला काही कंपन्या रिॲक्टिव्हिटी म्हणतात, ती एका वस्तूनंतर दुसरी वस्तू किती लवकर वेगळी ओळखली जाईल हे ठरवते. मायनलॅब इक्विनॉक्स ८०० मध्ये ती १ ते ८ अशी निवडता येते, आणि खिळ्यांच्या अंगणात ६ किंवा ७ पासून सुरुवात करणे योग्य. वेग वाढवला की खोली काहीशी घटते आणि स्वर आखूड होतो. आपल्या यंत्रात ही सोय नसेल तर तीच उणीव हाताने भरून काढायची: दोन पावलांच्या रुंद फेरीऐवजी हातभर रुंदीची सावकाश फेर घ्यावी, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली आणि समांतर ठेवावी, आणि प्रत्येक फेर आधीच्या फेरीवर निम्म्याने चढवावी.

आयर्न बायस किंवा तत्सम नावाची सोय संदिग्ध खुणेचा निकाल कोणत्या बाजूने द्यायचा हे सांगते. ती वाढवली तर शंकास्पद प्रतिसाद लोखंड ठरतो, घटवली तर तोच प्रतिसाद नाणे म्हणून ऐकू येऊ शकतो. खिळ्यांत नाणे शोधताना ती खालच्या टोकाजवळ ठेवावी आणि त्यामुळे वाढणारे खोटे स्वर पत्करावेत. जेथे बिअर आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचे पसरली आहेत, उदाहरणार्थ कळंगुट किंवा बागा येथील कोरड्या वाळूत, तेथे हीच सोय उलट वापरावी, कारण पत्र्याचे चपटे गोल बूच यंत्राला नाण्याप्रमाणे भासते. आपल्या परसात कधी मांडव घालून समारंभ झाले असतील तर तेवढ्या कोपऱ्यापुरती ती वाढवण्यास हरकत नाही.

कॉइलविषयी माझा आग्रह आहे. शक्य असल्यास ११ इंची कॉइल बाजूला ठेवून पाच किंवा सहा इंची डीडी कॉइल मिळवावी. लहान कॉइलखाली एका वेळी कमी खिळे येतात, म्हणून नाण्याला एकटे सापडण्याची संधी वाढते, आणि मातीचाही कमी भाग तिच्या नजरेत असल्यामुळे जांभ्यात यंत्र अधिक स्थिर राहते. या जागेत एवढ्या एका बदलाने जितका फरक पडेल तितका दुसऱ्या कोणत्याही बटणाने पडणार नाही. कॉन्सेंट्रिक कॉइल (एकात एक गोल वेटोळी असलेली) बुचे आणि पत्रे ओळखण्यात बऱ्याचदा सरस ठरते, तरी लोहयुक्त मातीत ती लवकर गोंधळते, त्यामुळे डिचोलीच्या मातीसाठी मी ती सुचवणार नाही. पल्स इंडक्शन पद्धतीचे, म्हणजे सलग लहरीऐवजी तुटक झटके सोडणारे, यंत्र अशा मातीला फारसे बधत नाही, पण लोखंड व नाणे यांतील भेद सांगण्यात ते दुबळे आहे आणि येथे प्रत्येक खिळा खणायला लावील.

प्रत्यक्ष अंगणात जाण्यापूर्वी घरी एक चाचणी करावी. लाकडी फळीवर उतरवलेल्या घरातलेच तीन-चार गंजके खिळे ठेवून त्यांच्यामध्ये एक तांब्याचे आणि नंतर एक निकेलमिश्रित नाणे ठेवावे. कॉइल चारही दिशांनी फिरवून कोणत्या सेटिंगवर कोणत्या दिशेने नाणे ऐकू येते ते पाहावे. मग एक खिळा विटेवर ठेवून नाण्यापेक्षा उंच करावा. नाणे खाली आणि खिळा वर ही खरी कठीण स्थिती आहे, आणि सपाट फळीवर उत्तम वाटणारी मांडणी तेथे अनेकदा कोसळते. गंजके खिळेच घ्यावेत, कारण नव्या चकचकीत खिळ्यांवरून काढलेला निष्कर्ष जुन्या अंगणाला लागू पडत नाही.

शोधताना एखादा उंच स्वर आला की लगेच खणू नये. कॉइल त्या ठिकाणी आखूड हलवत आपण स्वतः त्याभोवती पाव वर्तुळ फिरावे. नाण्याचा स्वर दुसऱ्या दिशेनेही साधारण त्याच जागी उमटतो, तर वाकलेल्या खिळ्याचा किंवा पत्र्याचा उंच स्वर एका दिशेने येऊन दुसऱ्या दिशेने गुरगुरीत विरतो किंवा जागा बदलतो. पिनपॉइंटने (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या यंत्रातील सोयीने) दाखवलेले ठिकाण आणि स्वराचे ठिकाण यांत चार बोटांचे अंतर पडत असेल तर खाली लोखंड असण्याची शक्यता मोठी. जांभ्याचा खडा असेल तर कॉइल थोडी उचलताच खूण झपाट्याने नाहीशी होते, नाण्याची मात्र हळूहळू मंदावते. तरीही या खिळ्यांच्या जागेत मी एक सवलत देतो: केवळ एकाच दिशेने, पण त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा आणि आखूड उमटणारा स्वर खणावाच, कारण खिळ्याला लागून पडलेले नाणे दुसऱ्या दिशेने पूर्ण झाकले जाऊ शकते. या काळात पडद्यावरच्या क्रमांकाकडे फार लक्ष देऊ नये. लोखंडाने ओढलेला क्रमांक विश्वासार्ह नसतो, पुनःपुन्हा एकाच जागी येणारा स्वर अधिक खरा असतो.

दोरी बांधून अंगणाचे दोन-दोन मीटरचे चौकोन करावेत, प्रत्येक चौकोन आधी पूर्व-पश्चिम आणि मग उत्तर-दक्षिण तपासावा. तुळशी वृंदावनाभोवती, पायरीच्या कडेला, पागोळ्यांची धार पडते त्या रेषेत आणि विहिरीच्या काठाशी अधिक वेळ द्यावा, कारण नाणी हातातून किंवा कनवटीतून पडण्याच्या आणि पाण्याने वाहून साचण्याच्या त्या जागा आहेत. घर उतरवताना भिंतीच्या चिऱ्यांमधली माती एका बाजूला टाकली असेल तर तो ढीग पातळ पसरून तपासावा. जुन्या मातीच्या भिंतींत ठेव दडवण्याची पद्धत होतीच.

एवढे करूनही सर्वांत परिणामकारक उपाय लोखंड उचलून टाकण्याचाच आहे. पहिल्या फेरीनंतर दांड्याला बांधलेला जोरदार चुंबक मोकळ्या केलेल्या मातीवरून फिरवून खिळे वेचावेत, मोठे लोखंड खणून काढावे, मग ग्राउंड बॅलन्स नव्याने करून तोच चौकोन पुन्हा तपासावा. आधी पूर्ण शांत किंवा केवळ गुरगुरणारा चौकोन दुसऱ्या फेरीत बोलू लागतो. बांधकामासाठी यंत्राने माती काढली जाणारच असेल तर चालकाला आधी सांगून माती एका वेळी वीतभरापेक्षा कमी जाडीने खरवडून घ्यावी आणि प्रत्येक थर उचलण्यापूर्वी एकदा डिटेक्टर फिरवावा. जोत्याचे काम एकदा सुरू झाले की सळ्यांचे तुकडे आणि बांधणीची तार सर्वत्र पडते, आणि मग कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. जमिनीत दडवलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने पुरावस्तू ठरतात. जमीन सामायिक असेल तर सर्व वारसांची लेखी संमती आधी घ्यावी. संरक्षित वास्तूंच्या परिसरात, मग ते जुने गोवे असो वा एखादा किल्ला, हे यंत्र घेऊन जाऊ नये. एकाच ठिकाणी अनेक नाणी एकत्र दिसली तर खणणे तेथेच थांबवावे, नाणी उचलू किंवा घासून स्वच्छ करू नयेत, जागेची छायाचित्रे काढावीत आणि जिल्हाधिकाऱ्यांबरोबरच राज्याच्या पुरातत्त्व खात्यालाही कळवावे.